वर नेलेलं पॅनेल, खाली जळणारी मोटर: पंचगंगेकाठचं एक प्रकरण

२०२२ च्या मे महिन्यात ती नदीवरच्या पंपाची मोटर तिसऱ्यांदा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आली. पिकअपमधून उतरवून घेताना भागीदारांतले थोरले आबा एवढंच म्हणाले, "बघा बाबा आता तुम्हीच. ऊस वाळाय लागलाय." डिसेंबरात पहिल्यांदा जळाली होती, मार्चात दुसऱ्यांदा, आणि आता ऐन उन्हाळ्यात तिसऱ्यांदा. मी पॅनेल, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या सामानाची पेटी, बनवतो. त्या मोटारीला चालवणारं पॅनेल माझ्या हातचं होतं, आणि ते नदीपासून लांब, वर माळाकडं न्यायचा सल्लाही माझाच होता. म्हणून वाइंडिंग, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या तारेची वेटोळी, भरणाऱ्या मिस्त्रींनी झाकणं काढली तेव्हा मी शेजारी उभा राहिलो. जे दिसलं त्याची संगती लागायला पुढं तीन आठवडे गेले.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण २०१९ नंतर नदीकाठच्या गावांत पॅनेल उंचावर गेली आहेत आणि त्यांतल्या काही ठिकाणी आता स्टार्टरच्या जागी व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारा, आपण ज्याला नुसतं ड्राइव्ह म्हणतो तो, बसू लागला आहे. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्ही एकत्र आले की काय होतं, ते या एका मोटारीवर नीट दिसतं.

नदी, पेटी आणि १८५ मीटर

गाव करवीर तालुक्यातलं, प्रयागच्या खालच्या अंगाला. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी एकत्र येतं, सरस्वती गुप्त धरायची, आणि तिथून पुढं पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

सहा भागीदारांची ही मोटर ३० हॉर्सपॉवरची, ४१५ व्होल्टची, काठावरच्या सिमेंटच्या ओट्यावर बसवलेली. वरची शेतं नदीपासून साधारण ३० मीटर उंच. पाणी वाढायला लागलं की मोटर सोडवायची आणि ट्रॅक्टरनं वर ओढायची, हे काठावरचं दरवर्षीचं काम आहे; त्या वर्षीही मोटर आदल्या रात्री वर काढली होती. पॅनेलची पेटी मात्र जागेवर राहिली. पाणी ओसरल्यावर मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर, मीटर, एक फेज गेली तर मोटर थांबवणारा प्रिव्हेंटर सगळं गाळानं भरलेलं सापडलं.

नवीन पॅनेल २०१९ च्या खुणेच्याही वर, एका छोट्या विटांच्या खोलीत बसवायचं ठरलं. तिथून मोटारीपर्यंत केबल १८५ मीटर. स्टार-डेल्टाला मोटारीपर्यंत सहा तारा लागतात, म्हणून आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी तारांचं कवच असलेल्या, केबलच्या दोन लायनी टाकल्या. तारेची जाडी ठरवताना मी अंतराचा हिशेब केला होता: पूर्ण लोडला ड्रॉप, म्हणजे तारेतच खाल्लं जाणारं व्होल्टेज, १५ व्होल्टच्या आत. अंतराचा आणखी कुठला हिशेब करायचा असतो, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. आणि स्टार्टर होता तोवर त्याची गरजही नव्हती. २०२० सबंध वर्ष मोटर सुरळीत चालली.

ड्राइव्ह का बसवला

सहापैकी तिघांनी उसाला ठिबक केलं. सहाही दारं चालू असली तर पाइपातला दाब ठीक राहायचा. तिघांनीच पाणी घेतलं की दाब चढायचा आणि पीव्हीसीचे जॉइंट सुटायचे. व्हॉल्व्ह अर्धा मिटून दाब आवरायचा म्हणजे मोटारीनं पूर्ण ताकदीनं ढकलायचं आणि व्हॉल्व्हनं ती ताकद खायची. मोटारीचा वेग कमी करता आला तर हा तोटा टळतो. साधी थ्री फेज इंडक्शन मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या मागे फिरते: ५० हर्ट्झला ठराविक वेग, ४५ ला त्याच प्रमाणात कमी. म्हणून फ्रिक्वेन्सी बदलून देणारा कन्व्हर्टर, म्हणजेच ड्राइव्ह, हवा. २०२१ च्या फेब्रुवारीत मी तो बसवला. पाइपावर दाबाचा सेन्सर, त्यावरून वेग आपोआप कमीजास्त.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण विकताना ती बहुतेक वेळा सांगितली जात नाही. वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज निम्मी लागते, असं जे म्हणतात त्यामागं खरं गणित आहे: ताकद वेगाच्या घनात बदलते आणि ०.८ चा घन साधारण ०.५१. पण ते गणित पाणी नुसतं गोल फिरवायचं असेल तिथलं. इथं पाणी ३० मीटर उचलायचं आहे. या पंपाचा व्हॉल्व्ह बंद असतानाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच ढकलू शकतो ते, ५० हर्ट्झला ५० मीटर. हेड वेगाच्या वर्गात बदलतो. म्हणजे ३९ हर्ट्झच्या आसपास पंप कसाबसा ३० मीटरचा दाब देतो आणि त्याखाली नुसता फिरतो, पाणी चढत नाही. आमची खरी खेळण्याची जागा ४२ ते ५० हर्ट्झ एवढीच होती. तरीही पाइप फुटायचे थांबले, मोटर सुरू होताना करंटचा झटका बंद झाला आणि गावातले दिवे मंद व्हायचेही थांबले. ड्राइव्हचा उपयोग झाला, यात शंका नाही.

ड्राइव्हच्या पोटात

पॉवर कन्व्हर्टर वीज तयार करत नाही. आलेल्या विजेचं रूप बदलून देतो. मोबाइलचा चार्जर एसीची डीसी करतो. घरातला इन्व्हर्टर बॅटरीची डीसी परत एसी करतो. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज उतरवून दिव्याला १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. सौर पंपाचा कंट्रोलर सौर पॅनेलांची डीसी घेऊन मोटारीला एसी देतो. आणि शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जी इंडक्शन भट्टी लोखंड वितळवते, तिच्या शेजारचं कपाटाएवढं पॅनेल म्हणजेही कन्व्हर्टरच: ५० हर्ट्झची वीज आधी डीसी, मग कॉइलला द्यायला कित्येक शे हर्ट्झची एसी. कोल्हापूरच्या कास्टिंगचा धंदा आज या कपाटांवर उभा आहे, असं म्हटलं तर चुकणार नाही.

आमचा ड्राइव्ह जातीनं त्या भट्टीचाच धाकटा भाऊ. आधी वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या सहा डायोडचा पूल, जो थ्री फेज ४१५ व्होल्टची ५६० ते ५८५ व्होल्टच्या दरम्यानची डीसी करतो. मग जाडजूड कपॅसिटर, जे ती डीसी साठवून सपाट ठेवतात. (मेन स्विच बंद केल्यावरही हे कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. झाकण उघडायची घाई केलेली माणसं मी रुग्णालयात पाहिली आहेत.) आणि शेवटी सहा आयजीबीटी, म्हणजे विजेवर चालणारे अतिवेगवान स्विच.

या तिसऱ्या भागातच सगळी गंमत आहे आणि आमच्या प्रकरणाचं मूळही तिथंच. डीसीपासून सरळ गुळगुळीत एसी बनत नाही. आयजीबीटी एक तर पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण मिटलेला. अर्धवट उघडा ठेवला तर तोच तापून जळेल, कारण अर्धवट उघड्या स्विचमध्ये व्होल्टेजही असतं आणि करंटही, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे उष्णता. भागीदारांना मी हे पाटाच्या दाऱ्यावरून सांगितलं. दारं एकतर मोडलेलं, म्हणजे उघडं, किंवा मिटलेलं, पण क्षणाक्षणाला मोडून मिटलं तर सरीला सरासरीनं हवं तेवढंच पाणी जातं. जास्त वेळ उघडं ठेवलं की जास्त, कमी वेळ ठेवलं की कमी. ड्राइव्ह ५८५ व्होल्टचे आखूड-लांब ठोके देत राहतो. मोटारीच्या वाइंडिंगला त्यांची सरासरी जाणवते आणि आतला करंट जवळपास गुळगुळीत लहर होतो. सेकंदाला असे किती ठोके द्यायचे ती कॅरिअर फ्रिक्वेन्सी. दोन हजारांपासून १६ हजारांपर्यंत ती मेनूतून बदलता येते.

उघडणं आणि मिटणं यांच्यामधला क्षण मात्र आयजीबीटीलाही टाळता येत नाही. तेवढ्या क्षणात तो अर्धवट उघडा असतो आणि तापतो. म्हणून ड्राइव्ह बनवणाऱ्यांनी हा क्षण लहान लहान करत आणला: जुने ट्रान्झिस्टर एका मायक्रोसेकंदाच्या आसपास घ्यायचे, आयजीबीटी त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यात काम उरकतो. त्यामुळेच ड्राइव्ह इतका लहान झाला, इतका थंड राहतो आणि ९५ टक्क्यांच्या वर वीज पुढं देतो. पण याचा अर्थ असा की केबलवर पडणारा प्रत्येक ठोका एका उभ्या कड्यासारखा असतो: शून्यावरून ५८५ व्होल्ट, मायक्रोसेकंदाच्या पाचव्या भागात. ड्राइव्हला हा कडा जेवढा उभा तेवढा फायद्याचा. मोटारीला काय हवं ते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

चुकलेले अंदाज

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. या वेळी पॅनेल कोरडं राहिलं आणि गावात मला शाबासकी मिळाली. मोटर वर काढलेली होती, पण चार दिवस पावसात भिजली. ऑक्टोबरात बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायची वेळ आली तेव्हा ती परत जोडली. रात्रीच्या लाइटीला मोटारीवर राखणीला बसणाऱ्या एका भागीदारानं तेव्हा तक्रार केली: "लई शिट्टी मारती वो, कान किटत्यात." ड्राइव्हवर चालणारी मोटर अशी किणकिणते, कॅरिअर वाढवली की तो आवाज माणसाच्या कानाच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला जातो आणि कमी जाणवतो. मी ४ किलोहर्ट्झची १० केली. शिट्टी मंदावली. त्यानंतर अधूनमधून, दव पडलेल्या पहाटे, ड्राइव्ह अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीकडं गळतेय असं, दाखवून थांबायला लागला. रीसेट केलं की चालू. मी त्याला ओल समजलो.

डिसेंबरात मोटर जळाली. पुरात भिजलेली होती, तेव्हा कारण शोधायची गरजच कुणाला वाटली नाही. वाइंडिंग करून घेतलं. मार्चात पुन्हा जळाली तेव्हा दोष वाइंडिंगवर गेला. मिस्त्रींचं तोंड उतरलं. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला ते ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यात मीही मान हलवली होती. मग मे. ड्राइव्ह खराब असावा, असं आता भागीदार म्हणू लागले. मी जाऊन मोजमापं घेतली होती: करंट ३८ अँपिअर, तिन्ही फेज सारखे, ओव्हरलोड कधी पडलेला नाही, मोटारीजवळ पूर्वी जोडलेला कपॅसिटर मी ड्राइव्ह बसवतानाच काढलेला, तोही पुन्हा कुणी जोडला नाही ना हे पाहिलं. ड्राइव्हच्या पुढं कपॅसिटर राहिला तर ड्राइव्हचाच जीव जातो, म्हणून ती पहिली शंका. सगळं ठीक होतं.

जळाल्याची जागा

तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी तारा कापायच्या आधी मला बोलावलं ते यासाठी. जळालेल्या मोटारीकडं बघून कारण सांगणारे लोक उद्यमनगरात आहेत आणि त्यांचा शब्द मी मीटरइतकाच मानतो. ओव्हरलोडनं जळालेली मोटर सगळीकडून सारखी काळी होते. एक फेज गेल्यानं जळाली तर नक्षी पडते: डेल्टात एका फेजची कॉइलं काळी आणि बाकीची पिवळी, स्टारमध्ये दोन फेजची काळी. इथं सबंध वाइंडिंग सोन्यासारखं पिवळं होतं. एकाच जागी, केबलची लीड जिथं आत शिरते तिथल्या पहिल्याच कॉइलमध्ये, बोटाच्या पेराएवढा खड्डा. तारेला तार चिकटून वितळलेली.

"मागच्या दोन्ही बारीला हितंच," मिस्त्री म्हणाले. "फेज वेगळा, पण जागा हीच. पहिलं कॉइल, लीडच्या तोंडाला. मी हात हलका ठेवला असता तर कुठंबी जळली असती की हो."

या एका वाक्यानं माझा सगळा विचार फिरला. बॉडीला शॉर्ट नाही, फेजला फेज नाही. एका वेढ्याचं शेजारच्या वेढ्याशी इन्सुलेशन फुटलेलं. मेगर हे दाखवतच नाही. मेगर तार आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन बघतो, आणि ते तर उत्तम होतं. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये जेमतेम काही व्होल्टचा फरक असतो. तारेवरचा इनॅमलचा पातळ लेप तेवढ्याला कधी फुटत नाही. मग पहिल्याच कॉइलवर इतका ताण आणणारं काय असेल? उभा कडा. हळू चढणारं व्होल्टेज सगळ्या कॉइलांत सारखं वाटलं जातं. मायक्रोसेकंदाच्या अंशात आलेला ठोका पुढच्या कॉइलांपर्यंत पोचायच्या आत त्याचा बराचसा भार पहिल्या काही वेढ्यांवरच पडतो. शिवाय हातानं भरलेल्या अशा वाइंडिंगमध्ये कॉइलचा पहिला वेढा आणि शेवटचा वेढा स्लॉटमध्ये एकमेकांना खेटून बसलेले असू शकतात. सगळा ताण त्या दोन तारांमधल्या केसाएवढ्या हवेवर.

तरी ५८५ व्होल्ट ही साधी मोटर सोसते. उद्यमनगरात माझ्याच शेजारी लेथवर ड्राइव्ह आहेत, वर्षानुवर्षं चालतात. तिथं ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात तीन मीटर केबल.

केबलमधला पाण्याचा धक्का

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे माझ्या ओळखीचे एक सर रविवारी स्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि उच्च व्होल्टेजचा प्रोब घेऊन गावात आले. मिस्त्रींनी तोवर वाइंडिंग भरून दिलं होतं. वर ड्राइव्हच्या तोंडाशी ठोके चौकोनी, स्वच्छ, ५८० व्होल्टचे. खाली मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये त्याच ठोक्यांच्या सुरुवातीला एक सुळका: ११५० च्या पुढं. मग तो खालीवर थरथरत ५८० वर बसायचा. साधा मल्टिमीटर यातलं काहीच दाखवत नव्हता, कारण तो सरासरी सांगतो.

नदीच्या ओट्यावर सहाही भागीदार जमले होते. त्यांना कसं सांगावं हा प्रश्न मला पडला, पण उत्तर पायाशीच होतं. पाइपातून जोरात जाणारं पाणी आणि एकदम मिटलेला व्हॉल्व्ह. किंवा लाइट गेल्यावर पाइपातलं उभं पाणी मागं येऊन एनआरव्हीवर, म्हणजे पाणी मागं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर, आदळतं तो आवाज. दाबाची लाट बंद टोकाला आदळते आणि परत फिरते, आणि आदळते त्या जागी दाब वाढतो. म्हणून पाइप नेमका तिथंच फुटतो. केबलमध्ये हेच होतं. ठोका केबलमधून मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावतो. मोटारीचं वाइंडिंग अशा झटपट ठोक्याला जवळजवळ बंद टोकासारखं वाटतं. ठोका आदळतो, परत फिरतो, आणि आदळण्याच्या क्षणी जाणारा आणि परतणारा मिळून दुप्पट.

"म्हंजे व्हॉल्व्ह हळू मिटला तर धक्का बसत न्हाई, तसं?" आबांनी विचारलं.

अगदी तसंच. व्हॉल्व्ह मिटायला लागणारा वेळ लाटेच्या जाऊन-येऊन होणाऱ्या प्रवासापेक्षा जास्त असेल तर परत आलेली लाट धक्का शमवते. केबलचंही तसंच आहे: कडा चढायला लागणाऱ्या वेळेत ठोका जाऊन परत आला तर सुळका पूर्ण उंची गाठत नाही. ०.२ मायक्रोसेकंदाच्या कड्याला हे अंतर येतं १५ मीटर. लेथची तीन मीटर केबल त्याच्या कितीतरी आत. माझी १८५ मीटर केबल त्याच्या बारा पट. आणि स्टार्टर होता तेव्हा? ५० हर्ट्झच्या लहरीला शून्यावरून शिखरावर जायला ५ हजार मायक्रोसेकंद लागतात. तिला १८५ मीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून २०२० मध्ये काही झालं नव्हतं.

उरलेली कडीही जुळली. फेब्रुवारी ते जून २०२१ मोटर टिकली ती ४ किलोहर्ट्झवर. ऑक्टोबरात मी १० केली. दहा हजार ठोके सेकंदाला, आठ तासांच्या पाळीत एका फेजवर २८ कोटी ८० लाख. प्रत्येक सुळक्याला तारांमधल्या हवेत बारीक ठिणगी पडते, डोळ्याला न दिसणारी, आणि इनॅमलला सुईच्या टोकाएवढं कुरतडते. एका ठोक्यानं काही होत नाही. कोट्यवधी ठोक्यांनी भोक पडतं. पहाटेचे ते अर्थ फॉल्टही ओलीचे नव्हते, निदान नुसत्या ओलीचे नव्हते. ड्राइव्हनंतर तीनच तारा लागतात म्हणून मी दोन्ही केबल जोडीनं लावल्या होत्या. एवढी लांब केबल स्वतःच एक कपॅसिटर असते आणि प्रत्येक ठोक्याला ती भरायला करंट घेते. कॅरिअर वाढवली तसा तो करंट वाढला. ड्राइव्ह मला सहा महिने सांगत होता. शिट्टी बंद करायच्या नादात मी ते ऐकलं नाही.

काय करायचं

एक भागीदार, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, सरळ बोलले: "काढून टाका ती भानगड. स्टार्टर बरा हुता." हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता, आणि ठिबक नसतं तर मी तोच मानला असता. फक्त झटका कमी करायचा असेल तर सॉफ्ट स्टार्टर पुरतो. तो थायरिस्टर नावाच्या स्विचनं ५० हर्ट्झचीच लहर कापून देतो, असे हजारो उभे कडे तयार करत नाही आणि अंतराची त्याला फिकीर नसते. पण आम्हाला वेग बदलायचा होता.

ड्राइव्ह खाली मोटारीजवळ न्यायचा? तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं आणि फुकट. चाकांच्या गाड्यावर ठेवू, पाणी आलं की ओढून नेऊ, असं एका तरुण पोरानं सुचवलं. २०१९ ला पाणी कसं चढलं ते पाहिलेल्या कुणीही त्याला हो म्हटलं नाही. भिजलेली मोटर भट्टीत वाळवून परत चालते. भिजलेला ड्राइव्ह भंगारात जातो.

खास ड्राइव्हसाठी बनवलेली मोटर मिळते, जिचं इन्सुलेशन असे सुळके सोसायला बनवलेलं असतं. ३० हॉर्सपॉवरला ती त्या वर्षी भागीदारांच्या आवाक्याबाहेर होती. राहिले फिल्टर, आणि खरा विचार इथंच करावा लागला.

ड्राइव्हच्या पुढं नुसता चोक, म्हणजे करंट एकदम बदलू न देणारी कॉइल, लावला तर कडा थोडा तिरपा होतो. मध्यम अंतराला तेवढं चालतं, १८५ मीटरला मला धीर झाला नाही. दुसऱ्या टोकाला साइन फिल्टर: चोक आणि कपॅसिटर मिळून ठोके पार पुसून टाकतो आणि केबलवर जवळजवळ गुळगुळीत लहर सोडतो. कागदावर सगळ्यात उत्तम तोच. पण तो स्वतःच व्होल्टेज खातो, आणि आमची लाइन फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनातून येणाऱ्या तारेच्या, शेवटाला आहे. रात्री ४१५ च्या जागी ३६० च्या आसपास मिळतात. त्यातून आणखी वीसेक व्होल्ट गेले तर ५० हर्ट्झला मोटर दमते, करंट वाढतो, आणि आपण एका तऱ्हेनं वाचवलेली मोटर दुसऱ्या तऱ्हेनं जाळतो. शहरातल्या कारखान्यात मी डोळे मिटून साइन फिल्टर लावला असता. नदीकाठाला नाही.

म्हणून मधला, डीव्ही-डीटी फिल्टर घेतला. तो ठोके तसेच ठेवतो, कडा मात्र उतारासारखा करतो. व्होल्टेज फारच थोडं खातो. कॅरिअर १० वरून २.५ किलोहर्ट्झवर आणली. राखणीच्या भागीदारांना मी नीट समजावून सांगितलं आणि शिट्टी त्यांनी कबूल केली. मिस्त्रींनी वाइंडिंग पुन्हा भरलं, या वेळी ठिणगी सोसणाऱ्या दुहेरी लेपाच्या तारेनं, प्रत्येक कॉइलच्या पहिल्या वेढ्यांना वेगळी बाही घालून आणि वार्निश एकदा नव्हे, दोनदा बुडवून आणि भाजून. बेअरिंगही बदलले; जुन्याच्या आतल्या कड्यावर कपडे धुवायच्या फळीसारख्या आडव्या रेघा होत्या. तीही याच ठोक्यांची करणी. ते शाफ्टवर व्होल्टेज चढवतात आणि ते बेअरिंगमधून वाट काढतं. केबलचं आर्मर दोन्ही टोकांना नीट अर्थ केलं, जे मी पहिल्यांदा एकाच टोकाला केलं होतं.

फिल्टर तापतो, हे गृहीत धरून खोलीला खाली-वर जाळीच्या खिडक्या काढल्या. जाळी बारीक घ्यावी लागते. उबेला पाली येतात आणि पालींमागं साप.

सर पुन्हा स्कोप घेऊन आले. मोटारीच्या टर्मिनलवर सुळका ८३० च्या आसपास, आणि तिथवर चढायला आता कित्येक पट वेळ घेणारा. साध्या मोटारीला हजार व्होल्टच्या आतलं मी सोसणारं मानतो. शिवाय ठोके चौथाईवर आलेले.

नंतर

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी सुरू झालं. दोन एकर लागण, म्हणजे नवा लावलेला ऊस, हातची गेली होती, बाकी उसानं तग धरला. पाऊस लागल्यावर मोटर वर काढली तेव्हा मिस्त्री स्वतः गावात आले, झाकण काढून पहिली कॉइलं बॅटरीच्या उजेडात पाहिली आणि काही न बोलता परत लावलं. मार्चात त्यांच्या कामावर जो दोष आला होता तो मागं घ्यायला आबा त्यांच्या दुकानात जाऊन आले होते. मीही गेलो.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. मोटर नेहमीसारखी ट्रॅक्टरवर चढली. वाइंडिंग अजून तेच आहे.

आता कुणीही पंपाला ड्राइव्ह मागायला आलं की मी हॉर्सपॉवरच्या आधी केबल किती मीटर आहे ते विचारतो, आणि तो आकडा पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगानं लिहितो. त्याखाली कॅरिअर किती ठेवली आहे तेही लिहितो, म्हणजे पुढं कुणी शिट्टीला कंटाळून मेनू उघडला तर त्याला आधी ते दिसेल.